इनहॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगं की न राहण्याजोगं?

मुलुंडची_लेक
नमस्कार मंडळी. प्रश्न एका इंग्रजी शब्दाचा आहे, पण त्यावर अठरा कुटुंबांची झोप उडालीय म्हणून इथे विचारते.

आईबाबा मुलुंडला राहतात. इमारत 1974 ची, तळमजला अधिक तीन मजले. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, तसं आमचंही झालं. अहवाल इंग्रजीत आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं फक्त शेवटचं पान आलं. त्यात एक वाक्य आहे, त्याचं मराठी असं होईल: 'वरील निरीक्षणांवरून सदर इमारत सध्याच्या स्थितीत इनहॅबिटेबल आहे.'

काल रात्री गच्चीवर मीटिंग झाली. निम्मे म्हणतात, 'इन' लागलं की उलटं होतं. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल, तसंच हे. म्हणजे इमारत राहण्यायोग्य नाही. बाकीचे म्हणतात, इनहॅबिट म्हणजे राहणे, म्हणून इनहॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगी. बाबा दुसऱ्या गटात आहेत. त्यांना तिथून हलायचंच नाहीये, त्यामुळे त्यांचं मत व्याकरणाचं आहे की मनाचं, हे मला कळत नाही. नक्की अर्थ काय?

शब्दवेल्हाळ
शब्दकोशाचं उत्तर सरळ आहे: राहण्याजोगं. आजच्या इंग्रजीत हॅबिटेबल आणि इनहॅबिटेबल या दोन्हींचा अर्थ एकच. उलट अर्थ हवा असेल तर अनइनहॅबिटेबल.

गोंधळ होतो कारण लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा 'आत' या अर्थाचा. इनहॅबिटमधला 'इन' दुसरा. मूळ धातू हॅबितारे, म्हणजे राहणे, आणि तो हॅबेरे म्हणजे बाळगणे यावरून आलेला. एखादी जागा सतत बाळगून असणं म्हणजे तिथे राहणं. हॅबिट म्हणजे सवय, हा शब्दही त्याच घरातला.

बारावी_ब
टँकरवर इनफ्लेमेबल लिहिलेलं असतं तेच ना हे? मी सहावीपर्यंत समजत होतो की या टँकरला आग लागत नाही. खाली मराठीत 'अत्यंत ज्वालाग्राही' वाचलं तेव्हा मागून सायकल काढली.

शब्दवेल्हाळ
@बारावी_ब, अगदी तेच. आणि ती गल्लत इतकी धोक्याची ठरली की अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकातच 'इन' काढून नुसतं फ्लेमेबल वापरा असा आग्रह धरला. इनहॅबिटेबलच्या बाबतीत असं कुणी केलं नाही. करायला हवं होतं, असं हा धागा वाचून वाटतंय.

तिसरी_घंटा
मग काकांचं बरोबर. पेढे वाटा!

मॉन्ट्रियलची_माई
पेढे थांबवा जरा. मी 22 वर्षं क्यूबेकमध्ये आहे. फ्रेंचमध्ये हाच शब्द, हीच अक्षरं, उच्चार तेवढा 'इनाबिताब्ल', आणि अर्थ बरोबर उलटा: राहण्यास अयोग्य. फ्रेंचमध्ये राहणे म्हणजे 'आबिते', त्याला मुळात 'इन' नाहीच, त्यामुळे पुढे लागलेला 'इन' नकाराचाच. एखाद्या बेटाला इंग्रज इनहॅबिटेड म्हणाला तर तिथे माणसं आहेत, फ्रेंच माणूस 'इनाबिते' म्हणाला तर तिथे कुणी नाही. इकडे दोन्ही भाषा एकाच रस्त्यावर चालतात. आगीनंतर घराच्या दारावर चिकटवलेला कागद वाचताना मी अजूनही आधी वरची ओळ बघते, कागद कुठल्या भाषेत आहे ते.

डोंगरवाट
इंग्रजीतही पूर्वी उलटा अर्थ होता. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द सेकंड'मध्ये पहिल्याच प्रवेशात एक सरदार दुसऱ्याला आव्हान देताना, जिथे कुणी राहू शकत नाही अशा जमिनीबद्दल बोलतो, आणि तिथे शब्द इनहॅबिटेबल आहे. नकारार्थी. तो अर्थ पुढे मागे पडला. त्यामुळे गच्चीवरच्या पहिल्या गटाला अगदीच अडाणी म्हणू नका. ते चारशे वर्षं जुनं इंग्रजी बोलत होते.

प्राथमिक_शिक्षिका
थोडं व्याकरण. हे क्रियापद वापरताना आपल्या मुलांची ठरलेली चूक म्हणजे 'इनहॅबिट इन'. जंगलात राहतात, मग त्या 'त'साठी इन घातलंच पाहिजे असं वाटतं. पण 'आत' शब्दाच्या पोटातच आहे, पुन्हा घालायचं नाही. लिव्ह, ड्वेल, रिसाइड यांना लागतं. इनहॅबिटला थेट कर्म लागतं, ऑक्युपायसारखं.

आणि आणखी एक. एकटा माणूस स्वतःबद्दल हे क्रियापद सहसा वापरत नाही. 'आय इनहॅबिट पुणे' कुणी म्हणणार नाही. जमात, प्राणी, लोकसंख्या यांच्यासाठी ते शोभतं. मुलांना मी सांगते, की आपल्या 'वसणे'शी ताडून बघा. गाव वसतं, वस्ती वसते, पंढरीत विठ्ठल वसतो. पण मी मात्र पुण्यात राहते. 'मी पुण्यात वसते' म्हटलं तर वर्ग हसतो, आणि हसला की मुद्दा पक्का बसतो.

सातारी_कंदी
बाई, फार छान. आणि लक्ष्मी नांदते. नांदणे राहिलंच.

कोर्टाची_पायरी
नांदणे निघालंच आहे तर थांबवत नाही. कौटुंबिक न्यायालयात रोज ऐकते मी हे क्रियापद. कोहॅबिट म्हणजे एकत्र राहणे, त्याच हॅबितारेचं लेकरू. पण पक्षकार कधी 'एकत्र राहत नाही' म्हणत नाहीत. 'ती नांदत नाही', 'तो नांदवत नाही' म्हणतात. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 9 खालचा अर्ज म्हणजे लोकांच्या तोंडी 'नांदायला येण्याचा दावा'. राहणं एका माणसाचं असतं. नांदण्यात सुखानं राहणं गृहीत आहे, आणि ते गृहीत बाईकडून जास्त धरलेलं आहे. पुरुष 'नांदायला गेला' असं मी माझ्या वकिलीत एकदाच ऐकलं, तेही घरजावयाबद्दल.

रखमाबाईंचा खटला आठवा. लहानपणी लग्न झालेलं, नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला. 1887 मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. 'राहणे' आणि 'नांदणे' यांत किती अंतर आहे ते त्या एका बाईने सगळ्या देशाला मोजून दाखवलं. मला तर इंग्रजी कोहॅबिटपेक्षा आपला शब्द जास्त खरा वाटतो, कारण त्याच्यात दडलेली अपेक्षा त्याला लपवता येत नाही.

तिसरी_घंटा
+1. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा, खरंच.

रेतीसिमेंट
मी सिव्हिल इंजिनिअर, 26 वर्षं इमारती तपासतोय. शब्दचर्चा सुंदर चालली आहे पण मुलुंडताई, कृपा करून शब्दकोशावरून निर्णय घेऊ नका आणि बाबांनाही घेऊ देऊ नका. मराठी माध्यमात शिकलेल्या, घाईत अहवाल लिहिणाऱ्या माणसाने 'इन' म्हणजे 'नाही' याच समजुतीने तो शब्द टाकला असण्याची शक्यता मी तरी मोठी धरतो. असे अहवाल मी पाहिलेत.

अहवालात वर्गवारी असते, ती बघा. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे काही भाग किंवा पूर्ण रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. हे एक अक्षर आणि एक आकडा त्या लांबलचक शब्दापेक्षा जास्त महत्त्वाचे. शेवटचं पान पुरेसं नाही, पूर्ण अहवाल मागवा. सभासदाला तो मागायचा हक्क आहे. आणि वाक्याबद्दल शंका असेल तर ज्याची सही आहे त्यालाच लेखी विचारा, मराठीत: 'आम्ही या इमारतीत राहावे की राहू नये?'

मुलुंडची_लेक
@रेतीसिमेंट, खूप आभार. वर्गवारी असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. सेक्रेटरींना मेसेज केलाय. उत्तर आलं की लिहिते. तोवर तुमचं सगळ्यांचं वाचतेय, आईलाही वाचून दाखवतेय. नांदण्याचं वाचल्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

निळा_धनेश
तोवर थोडं जंगलात जाऊ. हॅबिटॅट हा शब्द आपण नाम म्हणून वापरतो, पण तो मुळात नाम नाही, पूर्ण क्रियापद आहे! लॅटिनमध्ये हॅबितात म्हणजे 'तो राहतो' किंवा 'ती राहते'. लिनियसने 1753 च्या आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात प्रत्येक झाडाच्या वर्णनाखाली लिहिलं: हॅबितात इन इंडिया, म्हणजे 'भारतात राहते'. इतक्या झाडांखाली तो शब्द आला की पुढच्यांनी त्या जागेलाच हॅबिटॅट म्हणायला सुरुवात केली.

मला हे फार आवडतं. झाड उगवतं किंवा सापडतं असं न म्हणता राहतं असं म्हणायचं. देवराईतल्या म्हाताऱ्या बेहड्याखाली उभं राहिलं की मलाही दुसरं क्रियापद सुचत नाही.

एमपीएससी_तिसरा_प्रयत्न
हॅबिटॅटला मराठीत अधिवास. आणि डोमिसाइललाही अधिवास! महाराष्ट्रात 15 वर्षं वास्तव्य दाखवून 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' घेतलंय मी. सेतू केंद्रात रांगेत उभं असताना मागचा मुलगा म्हणाला, वाघाला अधिवास फुकट आणि आपल्याला शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणि वीजबिल लागतं.

निळा_धनेश
फुकट नाही हो, मित्रा. वाघाचा अधिवास कागदावर आला की तिथल्या माणसाचा अधिवास वादात येतो. मेळघाटातली गावं त्यासाठी हलवली गेलीत. मी वाघांसाठीच काम करतो, तरी गाव हलताना बघितलं की त्या रात्री जेवण जात नाही.

तलाठी_आप्पा
गावाचं निघालं म्हणून. जनगणनेत गावांचे दोन प्रकार असतात, इनहॅबिटेड आणि अनइनहॅबिटेड. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 6 लाख 40 हजार गावं, पैकी माणसं राहत असलेली सुमारे 5 लाख 97 हजार. उरलेल्या गावांना नाव आहे, नकाशा आहे, शीव आहे, सातबारे आहेत, पण चूल एकही नाही.

आमच्या दप्तरी अशा गावाला बेचिराख म्हणतात. लोकांना वाटतं राख झाली म्हणून बेचिराख. तसं नाही. फारसी 'बे-चिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. माझ्या सज्जात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, असं एक गाव होतं. शेजारच्या गावचे लोक तिथली शेती करायचे, संध्याकाळ झाली की परत. मारुतीचं देऊळ शाबूत, पिंपळाला पार. पीकपाहणीला गेलो की डबा मी त्याच पारावर खायचो. राहायला कुणी नाही याला इंग्रजी शब्द लांबलचक आहे, आपला मात्र दिव्यावरून ओळखतो.

शब्दवेल्हाळ
आप्पा, तुमच्या या प्रतिसादासाठी मी हा धागा जपून ठेवणार.

अबोली_सांगे
दिवा लागत नाही यावरून आमचं कुर्डी. गोव्यात सांगे तालुक्यात साळावली धरणाखाली गेलेलं गाव. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव हेच. 1980 च्या दशकात पाणी भरलं आणि लोकांना वाड्डे आणि वालकिणीला वसवलं. पण मे महिन्यात पाणी उतरतं आणि गाव वर येतं. घरांची जोती, वाटा, सोमेश्वराचं देऊळ. त्या दिवसांत कुर्डीची माणसं तिथे जमतात, देवळात उत्सव होतो, चॅपेलचीही प्रार्थना होते. माझी आजी तुळशीवृंदावनाच्या जागेवरून मोजत मोजत स्वयंपाकघर कुठे होतं ते दाखवायची. इथे माझी चूल, इथे मडकी, असं वर्तमानकाळात. जनगणनेच्या हिशोबाने ते गाव निर्जन. आजीच्या लेखी ती पाहुणी होती वाड्ड्याला, राहायची कुर्डीलाच.

सातारी_कंदी
अबोली, डोळ्यांत पाणी आणलंत. आमचंही कोयनेचं. शिवसागराच्या पाण्याखाली आजोबांचं शिवार. आम्ही 'पुनर्वसित'. त्या शब्दाबद्दल विचारायचं होतं: रिहॅबिलिटेशन म्हणजे पुनर्वसन, तर त्यातही हेच हॅबिट आहे का?

शब्दवेल्हाळ
जवळचं पण वेगळं. ते हॅबिलिस म्हणजे सक्षम, लायक, यावरून आलंय. पुन्हा लायक करणे, पूर्वीचा दर्जा परत देणे. म्हणून इंग्रजीत रुग्णाचं आणि कैद्याचंही रिहॅबिलिटेशन होतं. आपण त्याचं मराठी करताना 'वसन' आणलं, म्हणजे पुन्हा वसणं. धरणग्रस्तांच्या बाबतीत मला आपला शब्द जास्त जबाबदार वाटतो. नुसता भूखंड दिला की झालं असं त्यात बसत नाही, माणूस तिथे वसला पाहिजे.

सातारी_कंदी
तसं बघितलं तर आजोबा कधीच पुनर्वसित झाले नाहीत. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात नव्या जागचं घर पडलं नाही, भिंतीला एक तडासुद्धा नव्हता. पण ते आणि आजी पुढचा सगळा हिवाळा अंगणात झोपले. इंजिनिअर येऊन घर चांगलं आहे म्हणून सांगून गेला, तरी. घर राहण्याजोगं असणं आणि आपल्याला त्यात राहवणं, याला एक शब्द पुरत नाही.

हॉस्टेल_खोली_14
उलटही असतं. आमच्या खोलीत चार मुलं आणि किमान चाळीस ढेकूण. इनहॅबिटेड शंभर टक्के. हॅबिटेबल नाही.

तिसरी_घंटा
नाटकवाल्यांचाही एक वापर नोंदवते. इंग्रजी समीक्षेत नटाने भूमिका 'इनहॅबिट' केली असं म्हणतात. आपण 'भूमिका जगला' म्हणतो. मला आपलं जास्त पटतं, कारण प्रयोग संपला की नट तिथून उठून घरी जातो, आणि जगलेलं मात्र थोडं अंगाला लागून येतं.

ग्लासगोचा_बंड्या
कुणीच स्टे आणि लिव्हवर आलं नाही? आपण मुंबईत सर्रास 'व्हेअर डू यू स्टे?' विचारतो आणि शाळेत बाईंनी सांगितलेलं असतं की ते चूक, स्टे म्हणजे चार दिवसांचा मुक्काम, कायमचं राहणं म्हणजे लिव्ह. मी ती चूक आयुष्यभर टाळली. मग नोकरीसाठी ग्लासगोला आलो आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या आजींनी विचारलं, 'व्हेअर डू यू स्टे, सन?' स्कॉटलंडमध्ये कायमच्या राहण्यालाही स्टेच म्हणतात. परदेशात पहिल्यांदा घरी आल्यासारखं तेव्हा वाटलं.

प्राथमिक_शिक्षिका
आणि आपण तर कायमच्या पत्त्यावर 'मु. पो.' लिहितो! मुक्काम पोस्ट. सात पिढ्यांचं घर, तरी मुक्कामच.

शब्दवेल्हाळ
वा! शेवटची एक गंमत सांगतो, मला ती सगळ्यात मोठी वाटते. आपल्या 'वसणे'चं मूळ संस्कृत वस्, राहणे. वस्ती, निवास, वास्तू, उपवाससुद्धा त्यातलाच, जवळ राहणे या अर्थाने. प्रवास म्हणजे मुळात घराबाहेर राहणे. आता इंग्रजीकडे बघा. तिथे या धातूचा भाऊबंद आहे वॉज. होय, 'आय वॉज'मधला. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही एकाच मुळाशी नेतात, अर्थ 'राहणे, रात्र काढणे'. 'मी तिथे होतो' म्हणताना इंग्रज नकळत 'मी तिथे वसलो' म्हणत असतो.

आपण उलट्या वाटेने आलोय. 'सध्या कुठे असता?' विचारलं की उत्तर येतं, 'नाशिकला असतो'. त्यांनी राहण्यातून असणं घडवलं, आपण असण्यातून राहणं.

डोंगरवाट
यावर आज रात्री झोप नाही.

मुलुंडची_लेक
मंडळी, उत्तर आलं. पूर्ण अहवाल मिळाला. पान 4 वर वर्गवारी आहे: सी-1. ज्यांनी सही केलीय त्यांना रेतीसिमेंटदादांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्यांनी तासाभरात फोन केला. ते म्हणाले, अयोग्य असंच लिहायचं होतं, 'इन' म्हणजे नाही अशीच त्यांची समजूत होती. सुधारित पान मराठीतही देणार आहेत. पहिल्या मजल्यावरच्या तीन खांबांची सळई गंजून उघडी पडली आहे. पावसाळ्याआधी रिकामी करायची.

बाबांना मी सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, मला तो शब्द तसाच वाचायचा होता. आईने देवघरातले टाक पुसायला काढलेत. तिने मला विचारलं, आपली इमारत आता आप्पा म्हणाले तशी बेचिराख होणार का? मी म्हटलं, नवी बांधतील ना. ती म्हणाली, तोवर मी रोज संध्याकाळी खाली फाटकाजवळ एक पणती लावून येईन.

रेतीसिमेंट
ताई, लेखी विचारलंत हे फार चांगलं केलंत. आता तीन गोष्टी लगेच. रिकामं करण्याआधी प्रत्येक घराचं चटई क्षेत्र मोजून पंचनामा करून घ्या, सगळ्या सभासदांच्या सह्यांनिशी. त्याशिवाय कुणीही चावी देऊ नका, पुनर्विकासात तोच कागद तुमचा हक्क सांगेल. दुसरं, खांबांना आजच टेकू लावून घ्या. तिसरं, पहिल्या मजल्यावरची घरं आधी हलवा, बाकीच्यांनी सामान उतरवताना एका वेळी जिन्यावर गर्दी करू नका.

तलाठी_आप्पा
फाटकाजवळ महापालिका पत्रे लावेल. आईंना सांगा, पणती पत्र्याच्या बाहेर ठेवा, आत नको.

बारावी_ब
ताई, मी भांडुपला असतो. परीक्षा संपलीय. सामान हलवायला मी आणि माझे चार मित्र येऊ शकतो. कुठल्या दिवशी ते सांगा.